दोन्ही तुकडे एकटीचे

आमच्या आयटीआयचं नाव मी लिहिणार नाही. एका संस्थेनं कळमनुरीच्या बाहेर माळावर पत्र्याचं लांबलचक शेड टाकून ते सुरू केलं होतं. संस्था कधीच बंद पडली, पण माणसं आहेत, बाजारात भेटतात, आणि मला त्यांच्याशी भांडायचं नाही. माझं भांडण आहे ते माझ्याशीच.

मी प्रेमानंद खिल्लारे. आखाडा बाळापूरला रस्त्यालगत माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉल्यांची दुरुस्ती, जे येईल ते करतो. दुकानात मी एकटाच असतो. हाताखाली माणूस टिकत नाही. मी तिरसट आहे असं गावात म्हणतात, आणि गाव काही उगाच म्हणत नाही. पण हे माझ्याबद्दल नाही, मिना राठोडबद्दल आहे. तिच्याबद्दल कुणी काही लिहिणार नाही हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून हात काळे करून घेतोय. तसे ते रोजच असतात.

सत्त्याण्णव साली फिटर ट्रेडला आम्ही सोळा जण होतो. पंधरा पोरं आणि एक मिना. फिटर म्हणजे लोखंड कापून, घासून, एक भाग दुसऱ्यात नेमका बसवणारा कामगार. मुलींसाठी संस्थेत शिवणकाम होतं, आणि सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की ही चुकून इकडे आली आहे. पहिल्या दिवशी शिपायानं तिला दोनदा शिवणकामाच्या खोलीकडे नेऊन सोडलं. दोन्ही वेळा ती परत आली आणि दाराशी उभी राहिली. तिसऱ्या वेळी अमृतराव सरांनी विचारलं, "काय पाहिजे तुला?"

"फिटर," ती म्हणाली.

अमृतराव सर आमचे निदेशक. उंच, काटकुळे, खिशात कायम खडू. त्यांनी एक खडबडीत लोखंडी पट्टी तिच्यासमोरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, आवळली आणि हातात कानस दिली. आम्ही पोरं गालात हसायला तयारच होतो. तिनं पाय फाकवून उभं राहत कानशीवर दोन्ही हात ठेवले आणि असं घासलं, की पट्टीची कड पाचच मिनिटांत आरशासारखी झाली. आमच्यातल्या निम्म्यांना त्या दिवशी कानस कुठून धरतात तेही ठाऊक नव्हतं. सरांनी विचारलं, कुठं शिकलीस. ती म्हणाली, "कोयत्याला धार लावते, सर. आमच्या टोळीचे समदे कोयते मीच घासते."

ती साखऱ्याकडच्या एका तांड्यावरची. तांडा दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचा तो उन्हाळ्यातच परत यायचा. बापाबरोबर, आईबरोबर तीही लहानपणापासून गेलेली. शाळा अर्धी तांड्यावर, अर्धी फडात, तरी पोरगी दहावी झाली होती. कळमनुरीत रुख्मिणीबाई नावाच्या एका म्हातारीच्या खोलीचा कोपरा तिनं भाड्यानं घेतला होता. म्हातारीला ऐकू येत नव्हतं. म्हणजे शेडमध्ये कुणी बोलायचं नाही आणि घरी कुणाला ऐकू यायचं नाही. हे माझ्या आज ध्यानात येतं. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि मला फक्त माझेच त्रास दिसायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिचे वडील उत्तमसिंग आणि आई अनुसयाबाई टोळीबरोबर निघायच्या आधी शेडवर आले. आई आरशांच्या घागऱ्यात, दाराबाहेरच थांबलेली. उत्तमसिंग आत आले, डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि सगळ्यांसमोर सरांना म्हणाले, "सायेब, म्या पोरीला दोन वर्सं दिली. नोकरी लागली तर तिची ती. न्हाई लागली तर येत्या दुसऱ्या दिवाळीला तिचा कोयता ठरवायचा. सोयरीक बघून ठेवली हाय."

ज्यांना हे कळणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम नाखूश असतो. म्हणून पोरांची लग्नं लवकर लावतात, कोयता पुरा होतो. मिनाला पुऱ्या कोयत्यातला अर्धा व्हायचं नव्हतं. तिच्या दोन वर्षांत एवढंच पणाला लागलं होतं, आणि आम्हां सगळ्यांना ते पहिल्या वर्षीच कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायला मला जागाच नाही.

आता आमच्या शेडची पद्धत सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

अमृतराव सरांचा नियम होता की जॉब जोडीनं करायचा. जॉब म्हणजे जो तुकडा घडवायचा तो. ड्रॉइंग एकच. जोडीतल्या एकानं खाच असलेला तुकडा करायचा, दुसऱ्यानं त्या खाचेत बसणारी जीभ असलेला. दोघांच्या व्हाइस शेडच्या दोन टोकांना. तपासणीच्या दिवसापर्यंत एकमेकाचा तुकडा बघायचाही नाही, लावून बघणं तर लांबच. फक्त ड्रॉइंग बघायचं आणि व्हर्निअरनं, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भागही रेघेनं दाखवणाऱ्या सरकत्या पट्टीनं, माप घ्यायचं. तपासणीच्या दिवशी सर दोन्ही तुकडे एकमेकांत बसवायचे आणि खिडकीकडे धरायचे. फटीतून केसापेक्षा जाड उजेड दिसला की जॉब नापास. दोघंही नापास. सर म्हणायचे, "तुमचा जोडीदार औरंगाबादला असंल, तुमी हितं असाल. तुकडा तरी बसला पाहिजे. माप कशासाठी असतं मग?"

आज मला वाटतं, त्या पत्र्याच्या शेडमध्ये एवढी मोठी गोष्ट कुणी शिकवली असेल तर ती हीच. तेव्हा आम्हाला ती सरांची खोड वाटायची.

हजेरीच्या क्रमानं जोड्या पाडल्या आणि माझी जोडी मिनाशी लागली.

फिटरच्या भाषेत जीभवाल्या तुकड्याला मेल म्हणतात आणि खाचवाल्याला फिमेल. सोळा-अठरा वर्षांची पंधरा पोरं, त्यात एक पोरगी, त्यात हे शब्द. पुढचं सांगायची गरज नाही. माझ्या व्हाइसवर खडूनं चित्रं निघाली. मी डबा उघडला की शिट्ट्या. माझे वडील किशनराव एसटीच्या डेपोत होते, त्यांच्या ओळखीचा एक पोरगा आमच्यात होता, त्यानं बाळापूरपर्यंत बातमी नेली. मी चार दिवस सहन केलं. तिनं किती सहन केलं ते मी मोजलं नाही. ती मान खाली घालून घासत असायची.

पहिला जॉब चालू होता. पाचव्या दिवशी सेनगावकडचा एक पोरगा पोलीस भरतीसाठी आयटीआय सोडून गेला आणि त्याचा जोडीदार एकटा पडला. मला वाट दिसली. मी सरांकडे गेलो. पण सरांना काय सांगणार, पोरं चिडवतात म्हणून? सर म्हणाले असते, चिडवू दे. मग माझ्या तोंडून आपोआप आलं, "सर, राठोडचं माप जुळत न्हाई. माझा जॉब खराब व्हईल."

उचलली जीभ लावली टाळ्याला. ते खोटं होतं. आदल्याच दिवशी ती पाणी प्यायला गेली असताना, नियम मोडून, मी तिचा तुकडा व्हर्निअरमध्ये धरला होता. खाच वीस मिलिमीटरची हवी होती. वीसच भरली होती. माझा स्वतःचा तुकडा तेव्हा ठीकठाक नव्हता, तो भाग वेगळा.

सरांनी तिचा तुकडा मोजला नाही. ते हिशेबात गुंतले होते, की पंधरा उरले म्हणजे कुणीतरी एक एकटा राहणारच. ते म्हणाले, "ठीक आहे. तू तिकडं जा. राठोड एकटी करंल. दोन्ही तुकडे."

आणि दोन वर्षं तिनं दोन्ही तुकडे एकटीनं केले.

एकटीनं म्हणजे आमच्या दुप्पट काम. आम्ही एक तुकडा घासायचो त्या वेळात ती दोन घासायची. व्हर्निअर शेडमध्ये दोनच, आणि जोडीनं मागून घ्यायचे असा रिवाज पडला होता, त्यामुळे तिच्यापर्यंत ते यायचं तेव्हा घंटा व्हायची. पण मी बघत होतो, ती व्हर्निअरसाठी भांडायचीही नाही. दोन्ही तुकडे तिच्याच बाकावर. ती एक घासायची, दुसऱ्यात लावून बघायची, जिथं अडलं तिथं मोरचुदाचं पाणी लावून खूण करायची, पुन्हा घासायची. सरांचा नियम जोड्यांसाठी होता. जी एकटी आहे तिला कोण कशाला अडवील?

तपासणीच्या दिवशी तिचा जॉब शेवटी यायचा. सर खिडकीकडे धरायचे, डोळा बारीक करायचे, फिरवून पुन्हा धरायचे. उजेडाची रेघसुद्धा नाही. आमच्यातल्या एकाही जोडीला ते जमलं नाही. सर म्हणायचे, "शेडमध्ये हात असंल तर या पोरीचा." मिना हसायची. शेडमध्ये तिला हसताना मी फक्त त्या दिवशी बघायचो, महिन्यातून एकदा.

दुसऱ्या वर्षी दोन महिने वेल्डिंग होतं. वेल्डिंग करताना एकानं तुकडा दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं आधी टाके मारून घ्यायचे, नाहीतर तुकडा तापून सरकतो. पुन्हा जोड्या. पुन्हा ती एकटी. पहिल्या दिवशी तिचे तुकडे तीनदा पडले. दुसऱ्या दिवशी ती येताना ओढणीत गुंडाळून एक वीट घेऊन आली. ती वीट तुकड्यावर ठेवायची, डोळ्यासमोर काच धरायची आणि टाका मारायची. दोन महिने ती वीट तिच्या बाकाखाली होती. पोरांनी विटेला नावही ठेवलं होतं. ते मी लिहीत नाही, कारण ते माझंच नाव होतं.

सुटीच्या दिवशी आम्ही घरी जायचो. हिवाळ्यात तिचं घर कुलूप लावलेलं, तांड्यावर नुसत्या म्हाताऱ्या आणि कुत्री. एका रविवारी मी कानस विसरलो म्हणून शेडवर गेलो, तर शिपायाला सांगून तिनं दार उघडून घेतलेलं. ती काम करत नव्हती. नुसती बाकावर बसून जुना पास झालेला जॉब हातात घेऊन एक तुकडा दुसऱ्यातून काढत होती, पुन्हा बसवत होती. मला बघून तिनं तो बाजूला ठेवला. म्हणाली, "खिल्लारे, कानस तिकडं हाय, खिडकीत." मी कानस घेतली आणि निघालो. दोन शब्द बोललो असतो तर काय आभाळ कोसळलं असतं? पण शेड रिकामं, ती एकटी, कुणी बघितलं तर, असं माझ्या मनात. माझं डोकं कायम कुणीतरी बघण्यातच अडकलेलं होतं.

नव्याण्णवच्या मेमध्ये हिंगोली जिल्हा झाला. आमच्या फाटकावरच्या पाटीवर पेंटरनं "परभणी" खोडून "हिंगोली" लिहिलं, आणि त्याच आठवड्यात औरंगाबादच्या एका कंपनीचा माणूस येणार अशी बातमी आली. चार पोरं घेणार होते, वाळूजला. सरांनी मिनाला बोलावून सगळ्यांदेखत सांगितलं, "चारात पहिली तू." तिनं त्या दिवशी बहुतेक घरी पत्र टाकलं असावं, कारण परीक्षेच्या सकाळी उत्तमसिंग फाटकाबाहेर लिंबाखाली येऊन बसले होते. आत यायचं नाही म्हणाले. पोरीला दबाव नको.

कंपनीचा माणूस चाळिशीचा, कमी बोलणारा. त्यानं प्रत्येकाला एक पट्टी आणि एक ड्रॉइंग दिलं. वीसची खाच करायची, वेळ चार तास. मिनानं पट्टी उलटसुलट करून बघितली, मग हात वर केला.

"साहेब, दुसरा तुकडा?"

"कसला दुसरा?"

"हिच्यात बसणारा."

"तो माझ्याकडे आहे," तो म्हणाला आणि त्यानं एक लाकडी पेटी उघडून दाखवली. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला जीभवाला तुकडा, इतका गुळगुळीत की बोटाचा ठसा उठावा. "सगळ्यांच्या खाचेत हाच बसवून बघणार."

मी तिच्या शेजारच्या व्हाइसवर होतो. तिचा चेहरा मला दिसला. पोहता येणाऱ्या माणसाला कुणी सांगावं की आजच्या विहिरीत पाणी नाही, तशी ती बघत होती.

चार जणांत एक व्हर्निअर दिलं होतं. तिनं ते दोनदा घेतलं. एकदा माप घेतलं, पुन्हा घेतलं, दोन्ही वेळा वेगळं आलं असणार, कारण तिनं ते खाली ठेवलं आणि परत हात लावला नाही. मग ती हाताच्या अंदाजानं घासत राहिली. काम बघत राहावं असं चाललं होतं. कडा काटकोनात, तळ सपाट. फक्त ती अधूनमधून थांबायची आणि डावा हात बाकावर चाचपायचा. तिथं काही नव्हतं. मी हे बघितलं आणि मान वळवून माझ्या खाचेत घातली. माझी खाच जेमतेम होती, पण मी दर दहा मिनिटांनी मोजत होतो.

कंपनीच्या माणसानं रांगेनं तुकडा बसवत आणला. काहींच्यात तो शिरलाच नाही, त्यांना दहा मिनिटं जास्त देऊन घासायला सांगितलं. माझ्या खाचेत अडत अडत गेला. तो म्हणाला, "चालेल." मग मिनाकडे आला. तुकडा तिच्या खाचेत नुसता ठेवल्याबरोबर आत गेला आणि हलवल्यावर खुळखुळला. त्यानं तो उजेडाकडे धरला. दोन्ही बाजूंनी उजेड.

"काम फार सुंदर आहे," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "पण मापाबाहेर आहे. जास्त निघालेलं परत लावता येत नाही."

मिनानं विचारलं, "बघू का जरा?" त्यानं त्याचा तुकडा तिच्या हातात दिला. तिनं तो बराच वेळ निरखला. अंगठा फिरवला. मग विचारलं, "हा कुणी केला?"

"मशीनवर झालाय. कुणी नाही केला."

तिनं फडक्यात गुंडाळून तो पेटीत ठेवला. चार नावं वाचली, त्यात माझं चौथं होतं. फाटकाबाहेर उत्तमसिंग उठून उभे राहिले. ती त्यांच्याजवळ गेली. दोघं कळमनुरीच्या रस्त्यानं चालू लागले. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, इतका मी नालायक.

पुढे सरकारी परीक्षेत ती शेडमध्ये पहिली आली. तिथं दोन्ही तुकडे एकट्यानंच करायचे असतात. पण प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे, आणि उत्तमसिंगांनी शब्द दिला होता तो नोकरीचा. दिवाळीत तिचं लग्न झालं असं वाळूजला असताना कानावर आलं.

वाळूजची पाच वर्षं मी सांगत बसत नाही. एका खोलीत सहा जण, तिन्ही पाळ्या, मशीनवर तोच तुकडा दिवसातून चारशे वेळा. एकाचा तुकडा दुसऱ्याला माहीत नाही, सगळे एकमेकांत बसतात. अमृतराव सरांचं म्हणणं तिथं खरं झालेलं दिसायचं आणि मला काही त्याचा आनंद व्हायचा नाही. रात्रपाळी करून आलं की खोलीत सगळे झोपलेले, उठलं की सगळे गेलेले. माणसांनी गजबजलेल्या जागी एकटं असणं काय असतं ते मी तिथं शिकलो. तिला ते शिकायला पंधरा पोरांचं शेड पुरलं होतं, आणि शिकवणी माझीच होती. दोन हजार चारला कंपनीनं कंत्राटं बदलली, मी बाळापूरला परत आलो आणि दुकान टाकलं.

दोन हजार सहाची दिवाळी झाली होती. दुपारची वेळ. दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर दुकानासमोर येऊन थांबला. ट्रॉल्यांत टोळी. भांडी, पोरं, कोंबड्या, गोधड्या, बाजेचे पाय आभाळाकडे. मागच्या ट्रॉलीची जोडणीची पिन मोडली होती. मुकादम घाई करत होता. मी तीसचा रॉड कापला आणि भोकात घालून बघितला, जाईना. भोक झिजून वेडंवाकडं झालेलं. मी ग्राइंडर हातात घेतला.

"ग्राइंडर नका लावू. ढिली व्हईल. कानस द्या."

मी मागं वळून बघितलं. लुगड्याचा पदर खोचलेली, हाताला घट्टे पडलेली बाई. पाठीमागे तिचा नवरा अमरसिंग, हातात पाण्याची कॅन. ओळखायला मला वेळ लागला नाही. मला वाटलं होतं, लागेल.

"मिनाताई, तुमी?"

"व्हय. मी बोर्डावर नाव वाचलं मघाशीच."

मी कानस दिली. तिनं पिन व्हाइसमध्ये आवळली, पाय फाकवून उभी राहिली आणि घासायला लागली. दोनचार हात मारायची, पिन काढून भोकात घालायची, जिथं अडलं तिथं बघायची, परत यायची. तेच. शेडमध्ये जे करायची तेच. आणि मी बघत राहिलो, कारण रस्त्याकडेच्या दुकानात कामाची हीच पद्धत असते. इथं कुणी ड्रॉइंग घेऊन येत नाही. जे मोडलं त्याच्याच मापानं घासून बसवायचं असतं. वाळूजच्या परीक्षेत ती नापास झाली होती, पण माझ्या दुकानात तिच्यासारखा हात मला सात जन्मांत मिळाला नसता.

वीस मिनिटांत पिन भोकात अशी बसली की मुकादमानं हलवून बघितली तर हलेना. अमरसिंग म्हणाला, "आमच्या टोळीचे समदे कोयते हीच घासते." त्याच्या बोलण्यात अभिमान होता. मिनानं पिन पुन्हा काढून तेल लावायला घेतली. दुकानात नजर फिरवली. कोपऱ्यात माझ्या विटा रचलेल्या होत्या. हाताखाली कुणी नसलं की टाके मारताना मी त्याच दाबायला ठेवतो. ती विटांकडे बघून हसली.

"तुमीबी एकटेच का?"

"एकटाच."

माझ्याच्यानं राहवलं नाही. नऊ वर्षं ते मी मनात ठेवलं होतं. अमरसिंग कॅन घेऊन नळाकडे गेला तसं मी म्हणालो, "मिनाताई, तवा मी सरांकडं जाऊन जोडी मोडून घेतली."

"माहीत हाय," ती पिनीला तेल लावत म्हणाली. "सर दुसऱ्याच दिवशी मला बोलले. राठोड, तुझं माप जुळत न्हाई म्हणतो खिल्लारे. नीट बघत जा म्हणले."

"ते खोटं व्हतं. पोरं चिडवून राहिली व्हती म्हणून बोललो. तुमची खाच मी मोजली व्हती, लपून. बराबर व्हती."

तिचा हात थांबला. मी समजून चाललो होतो की ती मला लबाड म्हणून ओळखते, आणि लबाडी कबूल करून मी मोकळा होतोय. पण मी खोटं बोललो हे तिला माहीतच नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की मी बोललो.

"खोटं व्हतं?" ती म्हणाली. मग पिन बाकावर ठेवून, "मला वाटलं खरंच असंल. तुमचे वडील डेपोत, तुमाला ह्यातलं कळत असंल. माझ्याकडून माप घेण्यातच काही चुकून राहिलं म्हणलं. म्हणून मी मापाच्या नादालाच लागले न्हाई. दोन्ही तुकडे एकमेकाला लावूनच घासत गेले. तसं केलं की उजेड दिसत नव्हता."

मी उगाच ग्राइंडरची वायर गुंडाळायला लागलो.

"किती भरली व्हती खाच?"

"वीस."

"वीस," ती म्हणाली. "पुरी?"

"पुरी."

तिनं माझ्या बाकावरचं व्हर्निअर बघितलं. हात पदराला पुसले, ते उचललं आणि पिनीवर धरलं. तिनं कोपर बाकावर टेकवलं. उजेडाकडे वळून, पहिलीतल्या पोरासारखे ओठ हलवत रेघा मोजल्या.

"एकोणतीस," ती म्हणाली. "वर तिसावी रेघ. एकोणतीस पॉइंट साठ. बघा बरं."

मी व्हर्निअर घेतलं आणि मोजलं. एकोणतीस पॉइंट साठ.

"बराबर हाय," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मुकादमानं हाक मारली. पिन घेऊन ती गेली, जोडणीत घातली आणि अमरसिंगनं हात दिला तसा ट्रॉलीत चढून गोधड्यांवर बसली. तिथून तिनं माझ्याकडे बघितलं की दुकानाच्या पाटीकडे, ते मला सांगता येणार नाही. ट्रॅक्टर सुरू झाला. मागची ट्रॉली अजिबात खुळखुळत नव्हती.

सांगितलं की हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. ती नऊ वर्षं आपल्याच हातात खोट आहे असं समजून जगली होती, आणि आता तिला कळलं होतं की खोट नव्हती. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. ती टोळी पुन्हा या रस्त्यानं गेली असेल, पण माझ्या दुकानासमोर थांबली नाही. पिन मोडली नसणार. तिनं बसवलेली होती, मोडणार नाही.